राईतल्या रामपत्रीसाठी गावकऱ्यांना आणि चाकरमान्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपली देवराई आज उभी आहे ती कुणामुळे, हे आधी लिहायला हवं. व्हाळाकडचा, म्हणजे ओढ्याकडचा, गडगा (दगडी कुंपण) घातला तेव्हा चिरे खालच्या वाडीतल्या बागायतदारांनी फुकट दिले. वाहतुकीचे पैसे परळ-लालबागच्या आपल्या चाकरमान्यांनी डबलबारी भजनाचा सामना लावून जमवले. गावकार आणि मानकऱ्यांनी देवासमोर गाऱ्हाणं घातलं आणि राईत कोयता बंद झाला. गुरुजींनी निवृत्तीनंतर मुलांना बरोबर घेऊन एकेका झाडाची वहीत नोंद केली. रामपत्री म्हणजे रानजायफळ; त्यात नर झाड वेगळं, मादी वेगळी. आपल्याकडे फळ धरणाऱ्या माद्या किती थोड्या उरल्यात, ते त्या वहीमुळेच कळलं. पोस्टातल्या काकी तर पेन्शनमधून दरवर्षी न मागता पैसे देतात. या सगळ्यांचे उपकार फिटणारे नाहीत.

आता यंदाचं संकट. या झाडाची पत्री, म्हणजे बीवरचं आवरण, मसाल्यात घालतात. मागणी वाढली तसे बाहेरचे तोडणीवाले फळ पिकायची वाटच बघत नाहीत. गेल्या हंगामात त्यांनी कच्च्या फळांसाठी फांद्याच छाटल्या. सालीवरून तांबडा चीक बुंध्यापर्यंत ओघळलेला ज्यांनी पाहिला, त्यांना वेगळं सांगायला नको. फळच उरलं नाही तर ककणेर (धनेश पक्षी) खाणार काय आणि बी लांब नेऊन टाकणार कोण? ही बी जायफळासारखी डब्यात भरून ठेवता येत नाही. ती सुकली की मेली. ताजी असतानाच सावलीत, ओल्या मातीत रुजवावी लागते.

दुसरा घाव वरून आलाय. डोंगरउतारावरचं रान साफ करून रबर लावलं, ती माती पावसात व्हाळात उतरली. बारमाही ओल हाच या झाडाचा जीव, आणि आपला व्हाळ आता शिमग्यालाच आटू लागलाय. २०१३ साली उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीला बंदी घातली, तरी करवतीचा आवाज येतोच. धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत रामपत्री 'असुरक्षित' आहे. तिचं दलदलीत वाढणारं भावंड त्याहून मोठ्या धोक्यात आहे. त्याच्यासाठी हेवाळे-बांबर्ड्याची राई सरकारने जैवविविधता वारसा स्थळ केली. गोव्यातल्या सत्तरीत बांबरच्या लोकांनी निरंकाराची राई देवाच्या नावाने राखली. आपण काय कमी आहोत?

एक गोष्ट मनाला लागली आहे, ती लिहितो. मे महिन्यातल्या सभेला बोलावणं घरोघर गेलं होतं. देवळाच्या रंगकामाला पाकिटं आली, ती यायलाच हवीत. पण राईचा विषय निघाला आणि मंडप रिकामा झाला. देव त्या राईतलाच आहे, मंडळी.

हंगामापुरता एक राखणदार, रोपांसाठी शेडनेट व पिशव्या, व्हाळातला गाळ हाताने काढण्याची मजुरी (जेसीबी आणायचा नाही, मुळं तुटतात) आणि पडलेल्या गडग्याची डागडुजी, एवढा खर्च आहे. ५०० रुपयांपासून कितीही द्या. रक्कम खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी; मुंबईकरांनी वाडीच्या प्रतिनिधीकडे दिली तरी चालेल. पैसे जमत नसतील त्यांनी अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी ८ वाजता घमेलं-फावडं घेऊन देवळापाशी यावं. खायला पेज समितीतर्फे मिळेल. चाकरमान्यांनी परतीचं तिकीट त्यानंतरचं काढावं, ही विनंती.

आपला,
चिटणीस, देवराई समिती