मोटरहोममधला एकटा कुत्रा

संपादक महोदय,

कुत्र्याला मोटरहोममध्ये (राहण्याची सोय असलेल्या गाडीत) ठेवून फिरायला जाणारे बहुतेक जण एसीच्या भरवशावर असतात. पण बाहेरची वीजजोडणी ट्रिप झाली की एसी बंद पडतो, आणि काही एसी वीज परतल्यावरही आपोआप सुरू होत नाहीत. बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना उन्हातल्या बंद गाडीत १० मिनिटांत ३४ अंशांपर्यंत पारा चढू शकतो. खिडकीची फट फारशी कामाला येत नाही. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो, दमट हवेत तेही नीट जमत नाही. म्हणून तापमान वाढल्यास मोबाइलवर इशारा देणारा, सिमकार्ड व स्वतःची बॅटरी असलेला तापमान-सूचक बसवा. बाहेरच्या विजेवर चालणाऱ्या वाय-फाय राउटरला जोडलेला सूचक वीज गेल्यावर, ऐन वेळी गप्प बसतो. छतावरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर ठेवा. निघण्यापूर्वी वीज मुद्दाम तोडून मोबाइलवर इशारा येतो का, हे तपासाच. आणि इशारा आल्यावर काही मिनिटांत परतता येईल, एवढ्याच अंतरावर जा.

– एक श्वानप्रेमी वाचक