सोनू, डबा पाठवतेय

सोनू बेटा,

डबा दादाच्या मित्राजवळ दिलाय, तो आज रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतोय. हातात पडला की आधी फ्रीजमध्ये टाक, मग फोन कर. गाडी एसी आहे म्हणे, पण स्टँडवर येईपर्यंतच काय होईल सांगता येत नाही, जळगावला 44 चालूये. तू सांगितलेल्या न शिजवायच्या, रॉ का काय त्या, ओट्स-कोकोच्या वड्याच करणार होते, पण तू ठेवून गेलेलं ते कोको बटर 34 च्या आसपासच वितळतं आणि खोबरेल तर 24 लाच, मग आपल्या ओट्यावर कसली वडी थापली जाणार गं, पप्पा डोकावून म्हणाले हे तर वरण झालं. शेवटी दोन्ही बाजूला ठेवून खजुरावरच लाडू बांधले.

रिपोर्टचं काही लिहायचं नाही असं ठरवलंय. पण आखाजीला, अक्षय्य तृतीयेला आलीस, झोक्यावर बसलीस, हसलीस, आणि पुरणपोळीचा एक घास मोडून ताट सरकवलंस, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. जावईबापूंनी सांगितलं म्हणून कळलं, तुझ्या तोंडून नाही. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, HbA1c, 6.1. हो माहितीये, 5.7 ते 6.4 म्हणजे हद्दीवर, अजून डायबेटिस नाही, मला समजतं तेवढं. पण मोठ्याईचा साखरेने चिघळलेला अंगठा मी रोज धुवायचे, तू चौथीत होतीस, तुला दाराबाहेर बसवून. जाऊ दे.

तर लाडू. एक वाटी ओट्स, पाऊण वाटी बिया काढलेला खजूर, मूठभर शेंगदाणे, थोडं जवस, दोन चमचे कोको. ओट्स मी भाजून घेतले, आता तू म्हणशील आई मग ते रॉ कसं राहिलं, तर बाई गं, ते पोह्यांसारखे चपटे करतानाच मिलमध्ये वाफवलेले असतात, आधीच कुठे कच्चे होते! कोको मात्र तू म्हणालीस तसाच, साखर नसलेला. कडूपणा मारायला अल्कली, म्हणजे क्षार, लावली की त्यातले चांगले गुण बरेच कमी होतात ना, म्हणून दुकानदाराला डबे उलटे करून मागचं बारीक अक्षर वाचायला लावलं, तो वैतागला बिचारा.

चव घेतली तर कडवट लागले. तू लहानपणी ड्रिंकिंग चॉकलेटची कोरडी पावडर कोठीमागे बसून चमच्याने खायचीस, मिशी तपकिरी आणि म्हणायचीस मी नाही खाल्ली. ती पोरगी आता परदेशातल्या लोकांना मीटिंगमध्ये समजावून सांगते, पप्पा तर गल्लीत भेटेल त्याला हेच ऐकवतात. पण ती मीटिंग रात्री अकराला संपते आणि मग तू बिस्किटांवर झोपतेस, हे कोणाला ऐकवायचं?

दिवसाला एकच लाडू खा. खजूर असला तरी साखर ती साखरच. आणि लाडू खाल्ला म्हणजे ओट्स पोटात गेले असं धरू नको. शिजवल्यावर ओट्सला जो चिकटपणा येतो ना, तो बीटा-ग्लुकन, त्यानेच साखर रक्तात हळू चढते आणि कोलेस्टेरॉल उतरतं, पण त्यासाठी रोजचे 3 ग्रॅम लागतात, आणि 40 ग्रॅम ओट्समधून मिळतं जेमतेम दीड. लाडवात तर चमचाभर ओट्स. म्हणून सकाळी वाटीभर शिजवून घे, जाड घे, ते दोन मिनिटांचं मसाला पाकीट नको, बारीक केलेले ओट्स लवकर पचतात आणि साखर पटकन वर नेतात. केळं घालायचं तर अर्धंच, आपल्याकडचं असलं तरी. आणि रात्री जेव. लाडू म्हणजे जेवण नाही.

झालं माझं लेक्चर, सॉरी. पप्पा म्हणतात तू पोरीला घाबरवतेस. मी कशाला घाबरवू, मीच रात्री उठून बसते. मोठ्याईलाही आधी असंच म्हणाले होते, थोडी वाढलीये म्हणून.

बरं, खालच्या पिशवीत दादर ज्वारीचं पीठ आहे आणि वेगळं बांधलेलं ते कळणाचं, ज्वारी-उडदाचं. चाळू नको, कोंडा राहू दे. भाकरी थापता येत नसेल तर धिरडं घाल, पण घाल. तीन महिन्यांनी परत टेस्ट आहे ना, तारीख मला आधी सांग, मी येणार आहे. नाही सांगितलीस तर जावईबापूंना विचारेन.

आई