तुझ्या रिपोर्टमधला तो आकडा

प्रिय मित्रा,

काल रात्री तू पाठवलेला रिपोर्टचा फोटो दोनदा मोठा करून पाहिला. लिपिड प्रोफाइल सगळं मर्यादेत आणि शेवटच्या ओळीत ठळक अक्षरांत एचएस-सीआरपी (सीआरपी या प्रथिनाची अतिसूक्ष्म तपासणी) 8.2. "हे काय नवीन?" एवढंच तू लिहिलंस, पण त्यामागची धास्ती मला कळली. माझ्या बाबांना अटॅक आला तेव्हा त्यांचंही कोलेस्टेरॉल नॉर्मलच होतं. तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलोय.

रक्त दिलंस त्याच आठवड्यात तुझी दाढ सुजली होती ना? फोनवर तुला धड बोलताही येत नव्हतं. सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. शरीरात कुठेही दाह (सूज, इन्फ्लमेशन) सुरू झाला की इंटरल्यूकिन-6 नावाचं निरोप्या प्रथिन यकृताला निरोप पोचवतं आणि काही तासांत हा आकडा चढू लागतो. 1930 मध्ये ते पहिल्यांदा सापडलं तेही न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात. तेव्हा या 8.2 मध्ये दाढेचा वाटा किती आणि रक्तवाहिन्यांचा किती, हे नुसत्या या कागदावरून कुणीच सांगू शकणार नाही. दाढेचा इलाज होऊ दे, दोन-तीन आठवडे ठणठणीत जाऊ देत, मग त्याच लॅबमध्ये परत तपास. 1 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत असेल तर धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. एकक मात्र नीट बघ. काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथे 0.3 म्हणजे आपले 3.

पण सगळं दाढेवर ढकलून मोकळा होऊ नकोस. कोलेस्टेरॉल धमनीच्या भिंतीत साचतं, ते गिळायला पांढऱ्या पेशी आत शिरतात, गिळून गिळून फुगतात, तिथेच मरतात. ही धुमस वर्षानुवर्षं चालते आणि वरचं आवरण पातळ होत जातं. ते फाटलं की गुठळी. अमेरिकेत सुमारे 28 हजार निरोगी स्त्रियांचं रक्त एकदाच तपासून 30 वर्षं माग ठेवला, त्याचे निष्कर्ष 2024 मध्ये आले. सीआरपी सर्वांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्श्यात हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सर्वांत कमीवाल्यांपेक्षा 70 टक्के जास्त निघाला. एलडीएलच्या, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या, बाबतीत हाच फरक 36 टक्के होता. बाबांचं सीआरपी कधी कुणी तपासलंच नाही, हे मला अजून सलतं.

तरी सीआरपी स्वतः गुन्हेगार नाही. जनुकांमुळेच ज्यांचं ते जास्त असतं, त्यांच्यात हृदयविकार वाढलेला दिसत नाही. मूळ दुखणं त्याच्या आधीच्या दाहाच्या साखळीत आहे. 2017 च्या कॅन्टोस चाचणीत अटॅक येऊन गेलेल्या 10 हजारांवर रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांशांना कॅनाकिनुमॅब हे दाह उतरवणारं औषध दिलं, बाकीच्यांना नुसतं दिखाऊ औषध. एलडीएल होतं तिथेच राहिलं, दाह उतरला आणि 150 मिलिग्रॅमच्या डोसवर अटॅक-पक्षाघातासारखे प्रसंग 15 टक्क्यांनी घटले. पण जिवावर बेतणारे जंतुसंसर्गही वाढले. म्हणून कळकळीने सांगतो, दाह उतरवायचा म्हणून मनानेच आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या सुरू करू नकोस. त्या गोळ्या हृदयाला उलट त्रासदायक ठरू शकतात.

सिगारेट मात्र आजच सोड. पोटाचा घेरही उतरव, कारण ती चरबी स्वतःच इंटरल्यूकिन-6 बनवते. दुसऱ्यांदाही आकडा 2 च्या वर राहिला तर स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल, डॉक्टरांना स्पष्ट विचार, आणि तुझ्या घरात कुणाला हृदयविकार झाला असेल तर तेही न विसरता सांग.

तपासणीची तारीख कळव, मी सोबत येतो. वहिनींना नमस्कार.

तुझाच