तक्रार पत्र: आपल्या सॉफ्टवेअरमुळे तीन टन डांबराची तूट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: रस्त्याच्या डांबराचा चुकीचा हिशोब, आणि शनिवारी फोनवर मला दिलेला सल्ला.

तुमच्या माणसांशी चार वेळा फोनवर बोलून झालं. आता लेखी घ्या.

काम परभणी जिल्ह्यात, गंगाखेड तालुक्यातलं. रस्ता ४ किलोमीटर, रुंदी ३.७५ मीटर, वरचा थर ३० मिमी बीसी, म्हणजे बिट्युमिनस काँक्रीट, खडी-डांबराचं गरम मिश्रण. मंजूर जॉब मिक्समध्ये (मिश्रणाच्या ठरलेल्या प्रमाणात) व्हीजी-३० प्रतीचं डांबर ५.४ टक्के, घनता २.४. हे सगळं तुमच्या सॉफ्टवेअरच्या चौकटीत भरलं. मिश्रण १०८० टन आलं, बरोबर. टॅक कोटचं (नवा थर चिकटावा म्हणून खाली फवारतात ते) इमल्शन चौरस मीटरला पाव किलोनं ३७५० किलो आलं, तेही बरोबर. म्हणूनच तर भरवसा बसला. डांबर मात्र ५५.३३ टन आलं. लागतं ५८.३२ टन.

तुम्ही ५.४ टक्के खडीच्या वजनावर धरलेत. ते एकूण मिश्रणाच्या वजनावर असतात. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनचं सेक्शन ५०० उघडा, बीसीच्या तक्त्यात लिहिलेलं आहे. तुमचं सॉफ्टवेअर आतल्या आत १०० खडी अधिक ५.४ डांबर धरून १०५.४ नं भागतं आणि स्क्रीनवर साळसूदपणे '५.४ टक्के' दाखवतं. रस्त्याचंच सॉफ्टवेअर विकता, तर एवढं ठाऊक असायला हवं.

तीन टँकर आले, काट्यावर मिळून ५५ टन ४०० किलो. ३ किलोमीटर ८०० मीटरवर माल संपला. पुढचे २०० मीटर म्हणजे नेमका गावात शिरणारा तुकडा. पारावरच्या मंडळींनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, "ठेकेदार, हितलं डांबर कुणी खाल्लं ओ?" मराठवाड्यात ठेकेदारानं डांबर खाल्लं हे सांगायला पुरावा लागत नाही. आता तो तुम्ही करून दिलात.

आमच्याकडे एक जुने सुपरवायझर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी काटा पावती उलटी केली, कानामागची पेन्सिल काढली, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी गुणिले घनता मांडून शेवटी ०.०५४ नं गुणलं. ५८ टन ३२० किलो. चहा येईपर्यंत हिशोब झाला होता. मामा सातवी पास आहेत. तुमच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं मी सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, हे त्यांचे उपकार.

आता शनिवारचा फोन. पहिल्या तीन फोनवर काय झालं ते सांगण्यासारखं नाही (एकानं मला अ‍ॅप काढून परत टाकायला लावलं, जणू त्यानं डांबर वाढणार होतं). शनिवारी मी डिव्हिजनच्या ऑफिसात होतो, समोर शाखा अभियंता. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी मुद्दाम स्पीकर लावला. माझीच चूक.

फोनवरचा मुलगा म्हणाला, "सर, सिस्टीमनं ५.४ टक्केच घेतलंय."

मी विचारलं, "कशाच्या ५.४ टक्के?"

"सर, डांबराच्या."

डांबराच्या ५.४ टक्के डांबर! मी राग गिळला आणि पुन्हा सगळं समजावलं, खडी वेगळी, मिश्रण वेगळं. "होल्ड करा सर." सहा मिनिटं बासरी वाजली. मग तोच मुलगा परत आला, अगदी गोड आवाजात: "सर, टेक्निकल टीमशी बोललो. शेवटच्या भागात जाडी थोडी अ‍ॅडजस्ट केलीत तर टोटल मॅच होईल. वरून तर काळंच दिसणार ना सर."

शाखा अभियंत्यांनी बशी टेबलावर ठेवली. माझ्याकडे बघून म्हणाले, "हे सॉफ्टवेअरवाले आहेत की तुमचे भागीदार?"

मी काय उत्तर देणार होतो? सरकारी ऑफिसात, साहेबांच्या समोर, तुमच्या कंपनीनं मला थर चोरायला सांगितलं. तेही 'सर' म्हणून. कोअर (रस्त्यातून कापलेला गोल नमुना) काढला की ३० मिमीचे किती मिमी निघाले ते उघडं पडतं, हे तुमच्या टेक्निकल टीमला माहीत नसेल तर टेक्निकल हा शब्द तरी काढून टाका. त्या मुलावर माझा राग नाही. ज्यानं त्याला हे वाक्य पढवलं, त्याच्यावर आहे.

तीन टनासाठी कोणी टँकर पाठवत नाही. ड्रममधलं डांबर चढ्या भावानं घेतलं. जेमतेम तासाभराच्या मालासाठी हॉटमिक्स प्लँट पुन्हा पेटवला, पेव्हर आणि रोलर परत आणले. मे संपत आलेला, ढग डोक्यावर, आणि ओल्या रस्त्यावर डांबर टाकता येत नाही. जुना-नवा जोड कापून काम पुरं केलं. ३० मिमीचंच केलं.

खर्चापेक्षा मोठं लचांड फाइलचं आहे. बिलाच्या वेळी डांबराची चलनं आणि प्रत्यक्ष लागणारं डांबर यांचा ताळमेळ बघतात. माझ्या फाइलला तुमचा छापील रिपोर्ट ५५.३३ टनांचा, रस्त्याला लागलं ५८ टनांवर, आणि उरलेल्या ड्रमांची चलनं वेगळ्या तारखांची. याचा अर्थ कोणीही काय लावेल ते तुम्हीच सांगा. आणि कारण काय, तर मिश्रणाऐवजी खडी. पुन्हा लिहितो, कारण फोनवर चार वेळा सांगूनही कोणी लिहून घेतलं नाही: मिश्रणाऐवजी खडी.

मला दिलगिरीचा मेसेज नको. हिशोब सॉफ्टवेअरचा चुकला, असं कंपनीच्या लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी पत्र पाहिजे, आठ दिवसांत, फायनल बिलाच्या आत. ड्रमांचा जादा भाव, प्लँटचं डिझेल आणि मशिनरीची ने-आण यांचा खर्च पाहिजे. वर्षाचं भाडं तर परत द्यालच. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. 'व्यापारी वापर' म्हणून सुटू असं तुमच्या वकिलांना वाटेल, पण मी स्वतः साइटवर उभं राहून पोट भरणारा माणूस आहे आणि स्वयंरोजगाराला कायद्यात जागा आहे. आमच्या भागात निदान दहा जणांनी माझं बघून तुमचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यांना मी कालच फोन केले.

सोबत तीन टँकरच्या काटा पावत्यांच्या झेरॉक्स आहेत. तिसरीची मागची बाजू बघा, मामांचा हिशोब तिथे आहे.

आपला ग्राहक (३१ मार्चपर्यंत पैसे भरलेले आहेत म्हणून)