रसवंतीवाल्या मामांना, राहिलेल्या उत्तरासह

मामा, सा. न.

तुम्हाला मी आठवणार नाही. लातूरच्या बसस्टँडबाहेर तुमची रसवंती, एप्रिलचं ऊन, आणि बाकड्यावर डिस्क्रीट मॅथ्सची वही उघडून रडकुंडीला आलेली एक पोरगी. ती मी.

"काय वाचायलीस गं एवढं तोंड पाडून?"

"इनव्हर्स फंक्शन, उत्तरावरून मूळ आकड्याकडं परत नेणारं," म्हटलं. मनात म्हटलं, यांना सांगून काय उपयोग! त्याची लाज अजून वाटते. तुम्ही चरक थांबवला, घुंगरं गप्प झाली. "ते आहे का, हे आधी बघितलंस का?"

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. क्लासमध्ये एकच पाठ: एक्सची किंमत काढा, झालं इनव्हर्स. पूर्णांकांवरच्या एक्सवर्गाचाही मी तसाच काढला होता आणि भोपळा आणला होता. २ चा वर्ग ४, उणे २ चाही ४. मग ४ कडून परत निघालं तर जायचं कुणाकडं?

तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान फाडलंत. डावीकडं मराठवाड्याचे आठ जिल्हे, उजवीकडं गाड्यांच्या पाटीवरचे नंबर, आणि प्रत्येक जिल्ह्यातून त्याच्या नंबराकडं एक बाण. संभाजीनगर २०, जालना २१, परभणी २२, बीड २३, लातूर २४, धाराशिव २५, नांदेड २६. हिंगोलीला एकदम ३८, ती परभणीतून वेगळी झालीच १९९९ ला. मी आगाऊपणे म्हटलं, "अंबाजोगाईला ४४ असतं की." तुम्ही खूश! "म्हणून तर नियम आधी ठरवायचा. जिल्ह्याच्या गावचाच नंबर घ्यायचा. एका जिल्ह्यातून दोन बाण निघाले तर ते फंक्शनच न्हाई."

दोन जिल्ह्यांना एकच नंबर नाही, म्हणजे वन-वन. पण को-डोमेन, म्हणजे उजवीकडची नंबरांची यादी, २० ते ३८ धरला तर २७ चं काय? तो अमरावतीचा. तिथून परत यायला आपल्याकडं जिल्हाच नाही, म्हणजे ऑन्टू नाही, इनव्हर्स नाही. मग तुम्ही फालतू नंबर खोडून आठच ठेवलेत, बाण उलटे फिरवलेत, आणि पाटी बघून जिल्हा सांगता यायला लागला. बाण तेच, फक्त उजवी बाजू छाटली. माझी खरी अडचण तिथंच होती, को-डोमेनकडं मी कधी बघतच नव्हते.

पुढं तालुक्यांवरून जिल्हा. औसा, निलंगा, चाकूर, सगळे लातूरला. "आता लातूरला विचार, तू कुठून आलास? काय सांगंल ते?"

नंतर सांकेतिक लिपीच्या धड्यात हेच पुन्हा भेटलं. ए म्हणजे ०, झेड म्हणजे २५, आणि गुणाकार करून २६ ने भागल्यावरची बाकी घ्यायची. ३ ने गुणलं तर ९ ने गुणून मूळ अक्षर परत मिळतं, कारण २७ ची बाकी १. २ ने गुणलं तर ए आणि एन दोघंही ० वर जाऊन बसतात. वर्गात हे मी न विचारता सांगितलं, मामा.

तुम्ही कुठं शिकलात, ते विचारायचं राहिलं. दुसऱ्या ग्लासाचे पैसेही तुम्ही घेतले नाहीत. रेणापूरची गाडी लागली आणि मी पळाले, तेव्हा मागून तुमचा प्रश्न आला होता: आठ जिल्हे, आठ नंबर, उलटे फिरवता येतील असे बाण किती तऱ्हांनी काढता येतील?

पहिल्या जिल्ह्याला आठ नंबर मोकळे, दुसऱ्याला सात, असं करत शेवटच्याला एक. ४०,३२०, मामा.

तुमची,
रेणापूरच्या गाडीची पोरगी