अपिलाला ९० दिवस असतात हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

माझा मोठा भाऊ सुतारकाम करायचा. ट्रकने त्याच्या मोटरसायकलला मागून ठोकलं आणि उजवा हात कायमचा गेल्यासारखाच झाला, बोटं वळतच नाहीत. अपघाताच्या भरपाईची म्हणजे क्लेमची केस पाच वर्षं चालली, मग एक दिवस वकिलांचा फोन आला की निकाल चांगला लागलाय, पैसे जमा होतील, आईने लगेच देवापुढे साखर ठेवली. निकालात काय लिहिलंय ते आमच्यापैकी कोणीच वाचलं नाही, कॉपीच हातात नव्हती.

कॉपी मिळाली आठ महिन्यांनी, ती पण बँकेत मागितली म्हणून. ओळखीच्या एका वकील मॅडमनी ती वाचून हिशोब समजावला. उत्पन्न महिना १०,०००, वय ३४ म्हणून गुणक १६ (म्हणजे वर्षाच्या नुकसानीला वयाप्रमाणे ज्या आकड्याने गुणतात तो) आणि सर्टिफिकेटवर अपंगत्व ४० टक्के म्हणून कमाईचं नुकसानही सरळ ४० टक्केच धरलं, झाले ७ लाख ६८ हजार. आता मला सांगा ज्याला रंधा धरता येत नाही, करवत ओढता येत नाही तो सुतार ६० टक्के काम करणार कसं? सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय की शरीराचं अपंगत्व किती टक्के एवढंच बघू नका, त्या माणसाच्या त्या कामावर काय परिणाम झाला ते बघा. शिवाय चाळिशीच्या आतला, स्वतःचं काम करणारा माणूस असेल तर पुढे कमाई वाढली असती म्हणून उत्पन्नात आणखी ४० टक्के वाढवून धरायचे असतात, २०१७ चा घटनापीठाचा निकाल आहे, ते पण धरलेले नाहीत.

मॅडम म्हणाल्या अपील करण्यासारखी केस आहे, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १७३ प्रमाणे हायकोर्टात ९० दिवसांत जायचं असतं आणि ते कधीच उलटले. आता आधी विलंब माफीचा अर्ज, उशिराचं कारण कोर्टाला पटलं तरच अपील दाखल होणार. भरपाई देणाऱ्या ट्रकच्या विमा कंपनीचं म्हणणं की कायदा माहीत नव्हता ही सबब चालत नाही. माफी मिळाली तरी उशिराच्या दिवसांचं व्याज नाही अशी अट बरेचदा पडते म्हणे, ती आम्हाला मान्य आहे, चूक आमचीही आहेच.

पण साहेब त्याच कायद्यात कलम १६८ मध्ये असंही लिहिलंय की निकालाची कॉपी १५ दिवसांत दोन्ही बाजूंना पोचवायची. आमच्याकडे ती आली नाही. कॉपीसाठी वेळेत अर्ज केला असता तर ती तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण अर्ज करायचा असतो हेच माहीत नसेल तर वजा काय होणार? आणि दादाकडे अपंगत्वाचं सर्टिफिकेट आहे, अशा माणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात आहे ते. पाच वर्षांत हे एकदाही आमच्या कानावर आलं नाही, आम्ही आपले फीच्या काळजीत.

माझी मागणी एवढीच आहे की निकाल लागला की कॉपी अर्जदाराच्या घरच्या पत्त्यावर स्पीड पोस्टाने जावी, नुसती वकिलांकडे नको, आणि तिच्यासोबत मराठीत एक पानभर सूचना असावी की निकाल मान्य नसेल तर ९० दिवस आहेत, अपील कुठे करायचं (सातारा, सांगली, सोलापूरवाल्यांना तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच झालंय, मुंबई गाठायची गरज नाही), फुकट वकील कुठे मागायचा, आणि वाद १ लाखाच्या आतला असेल तर अपीलच होत नाही हे पण स्पष्ट लिहावं म्हणजे कोणी उगाच फी भरत बसणार नाही.

ज्यांच्या घरी क्लेमची केस चालू आहे त्यांनी निकालाच्या दिवशीच कॉपीसाठी अर्ज टाका आणि अर्जाची पोच जपून ठेवा. आमचा विलंब माफीचा अर्ज अजून सुनावणीला यायचाय.

आपली,
एक वाचक