नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांच्या कडेला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे आजही नोटरी केलेल्या साठेखतावर (पुढे विक्री करण्याच्या करारावर) सर्रास विकले जातात, आणि आयुष्याची पुंजी ओतून लोक ते घेतात, ही अत्यंत चिंतेची बाब आहे. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 17 नुसार 100 रुपये व त्यापुढील किमतीच्या स्थावर मिळकतीच्या विक्रीचा दस्त दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवणे बंधनकारक असून, न नोंदवलेल्या दस्ताने मालकी हस्तांतरित होत नाही, असे कलम 49 सांगते. केवळ साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र (आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद) यांच्या बळावर मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 सालीच स्पष्ट केले आहे. तोच तुकडा आधी दुसऱ्या कोणाला विकला आहे का, हे नोटरीच्या शिक्क्यावरून कळत नाही. नोंदवलेला दस्त मात्र सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे त्या कार्यालयातील मिळकतींच्या व्यवहारांच्या सूचीत, चढतो व शोध घेताना सापडतो.

दोष एकट्या खरेदीदाराचा नाही. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने लहान तुकड्यांच्या विक्रीवर निर्बंध घातले, पण घराची गरज काही थांबली नाही, आणि एजंटांनी नेमकी तीच अडचण हेरली. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नसल्याचा ठळक फलक शासनाने प्रत्येक ग्रामपंचायतीत व तलाठी कार्यालयात लावावा, आणि अशा साठेखतांवर शिक्के मारणाऱ्या नोटरींची चौकशी करावी.

– एक वाचक